घेतलेला ऑक्सिजन जातो कुठे?

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी भांडुपला राहते. दहावी मराठी माध्यमातून झाली, आता अकरावी सायन्स इंग्रजीतून. श्वसनाचा धडा तीनदा वाचला, क्रेब चक्र पाठ केलं आणि दोन दिवसांत विसरले. आपण ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे त्या ऑक्सिजनचाच कार्बन डायऑक्साइड होतो, असं मी धरून चालले होते. क्लासमधले सर म्हणाले, नाही, त्याचं पाणी होतं. मग कार्बन डायऑक्साइड येतो कुठून? आणि हे सगळं लक्षात कसं ठेवायचं?"

तुझे सर बरोबर सांगतात. नाकातून आत गेलेल्या ऑक्सिजनचं शेवटी पाणी होतं. तू जो कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतेस, त्यातला ऑक्सिजन सकाळी खाल्लेल्या पोह्यांतला आणि पेशीतल्या पाण्यातला असतो. परळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी २८ वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे. दर वर्षी हे वाक्य फळ्यावर लिहिलं की निम्मा वर्ग माझ्याकडे 'मॅडम आज चुकल्या' अशा नजरेने बघतो. म्हणजे तू एकटी नाहीस.

थोडा दोष आपल्या शब्दांचाही आहे. छाती वरखाली होऊन हवा आतबाहेर होते तो श्वासोच्छ्वास. पेशीच्या आत अन्नाचे तुकडे होऊन ऊर्जा मिळते ते पेशीतलं श्वसन. दोन्ही शब्द एकाच धातूतून आलेले, त्यामुळे मुलं त्यांना एकच समजतात. श्वासोच्छ्वास म्हणजे फक्त माल पोचवणं आणि कचरा उचलणं. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, बाहेर सोडलेल्या हवेत १६-१७ टक्के. मधले चार-पाच टक्के कुठे गेले, हाच तुझा प्रश्न, आणि त्याचं उत्तर फुप्फुसात सापडत नाही.

आता स्वयंपाकघरात जा आणि साखरेचा डबा उघड. साखर आहे, भोवती हवा आहे, हवेत ऑक्सिजन आहे. साखर आणि ऑक्सिजन यांचा संयोग झाला की भरपूर ऊर्जा सुटते. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळलं तर सुमारे २८७० किलोज्यूल, म्हणजे नऊएक लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेईल इतकी. तरी तो डबा वर्षानुवर्षं फळीवर गपगार बसून असतो. अभिक्रिया सुरू व्हायला आधी एक टेकाड चढावं लागतं आणि खोलीच्या तापमानाला साखरेच्या रेणूंना ते जमत नाही. काडी लावली तर टेकाड एकदम ओलांडलं जातं, पण मग सगळी ऊर्जा उष्णता म्हणून उधळली जाते आणि त्या उष्णतेत पेशी शिजेल.

पेशीने यावर काढलेला तोडगा म्हणजे विकरं, तुझ्या पुस्तकातली एन्झाइम्स. एका मोठ्या टेकाडाऐवजी पंचवीस-तीस छोट्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर एक विकर उभं. १८९७ साली एडुआर्ट बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्टच्या पेशी वाळूबरोबर घोटून त्यांचा रस काढला. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर घातल्यावर तो फसफसला. जिवंतपणासाठी काही गूढ 'प्राणशक्ती' लागते, या समजुतीला तेव्हा जबर धक्का बसला. बुखनरला १९०७ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. माझ्या मते जीवशास्त्राचा अभ्यास 'सजीवांची लक्षणे' या यादीने सुरू करण्यापेक्षा या घोटलेल्या यीस्टपासून करायला हवा, पण अभ्यासक्रम मंडळ मला विचारत नाही.

आता हिशेब. वहीचं कोरं पान घे. पुस्तकात समीकरण असं असतं: ग्लुकोजचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे सहा रेणू यांपासून कार्बन डायऑक्साइडचे सहा आणि पाण्याचे सहा रेणू. ते बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट लपते. प्रत्यक्षात मधल्या पायऱ्यांवर पाण्याचे सहा रेणू आत घेतले जातात आणि शेवटी बारा बाहेर पडतात. दोन्ही बाजूंचे सहा-सहा काटून पुस्तक फक्त उरलेले सहा छापतं. ते काटलेले सहा परत लिही. डावीकडे एक ग्लुकोज, सहा पाणी, सहा ऑक्सिजन. उजवीकडे सहा कार्बन डायऑक्साइड, बारा पाणी.

कार्बन डायऑक्साइडच्या सहा रेणूंमध्ये ऑक्सिजनचे अणू बारा. ग्लुकोजकडे सहाच आहेत. उरलेले सहा आत घेतलेल्या पाण्याचे. झाले बारा, आणि हवेतल्या ऑक्सिजनला अजून हातही लागलेला नाही. हवेतल्या सहा रेणूंचे बारा अणू आता उजवीकडच्या बारा पाण्यांत एकेक करून बसतात. (कार्बन डायऑक्साइड आणि पाणी पुढे रक्तात आपापसात ऑक्सिजनची अदलाबदल करतात, हा वेगळा गुंता. आत्ता त्यात शिरू नकोस.)

प्रकाशसंश्लेषणात नेमका याच्या उलटा गैरसमज असतो. झाड कार्बन डायऑक्साइड घेतं आणि ऑक्सिजन सोडतं, म्हणून तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला, असं वाटतं. तो असतो पाण्यातला. १९४१ मध्ये रूबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांनी ऑक्सिजनचा जड समस्थानिक (म्हणजे ऑक्सिजनचाच, पण वजनाने जड अणू), ऑक्सिजन-१८, पाण्यात घालून हे दाखवलं. खुणेचा ऑक्सिजन पाण्यात असेल तेव्हाच तो वायू म्हणून बाहेर आला. झाडं पाणी फोडून ऑक्सिजन सोडतात, आपण ऑक्सिजन वापरून पाणी करतो. हे दोन धडे शेजारी ठेवून वाच.

तू पाठ करतेस आणि विसरतेस, कारण तू नावं पाठ करतेस. सायट्रेट, आयसोसायट्रेट, अल्फा-कीटोग्लुटारेट... मलाही कॉलेजात ती राहत नव्हती. नावं बाजूला ठेव. आधी कार्बन मोज, मग हायड्रोजनच्या मागे जा.

कार्बन सोपा आहे. ग्लुकोजमध्ये सहा. पेशीद्रवात ग्लायकोलायसिस होतं, सहाचे तीन आणि तीन होतात, म्हणजे पायरुविक आम्लाचे दोन रेणू. इथे कार्बन हरवला नाही, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडही नाही. हे दोन्ही रेणू तंतुकणिकेत, म्हणजे तुझ्या पुस्तकातल्या मायटोकॉन्ड्रियात, शिरतात आणि प्रत्येकाचा एक कार्बन गळतो. तिनाचे झाले दोन, आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू सुटले. उरलेला दोन कार्बनचा तुकडा चार कार्बनच्या रेणूला जोडला जातो आणि सहा होतात. हेच तुझं क्रेब चक्र. ते फिरतं, दोन कार्बन सुटतात, परत चार. चक्र दोनदा फिरतं, कारण तुकडे दोन. म्हणजे आणखी चार कार्बन डायऑक्साइड. दोन आणि चार, सहा. तुझा कार्बन डायऑक्साइड इथून येतो, आणि तोही ऑक्सिजन वायूचा संबंध येण्याआधीच.

खरी मजा हायड्रोजनमध्ये आहे. ग्लुकोजचे बारा हायड्रोजन, घेतलेल्या सहा पाण्यांचे बारा, एकूण चोवीस. हे सुटे फिरत नाहीत. त्यांना उचलून नेणारे हमाल आहेत: एनएडी आणि एफएडी. एक हमाल एका खेपेत दोन हायड्रोजन नेतो, असं तूर्त धर. (काटेकोर सांगायचं तर एनएडी दोन इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन उचलतो, दुसरा प्रोटॉन पाण्यात सुटतो.) ग्लायकोलायसिसमध्ये दोन खेपा. पायरुविक आम्लातून कार्बन गळतो तेव्हा दोन. चक्राच्या प्रत्येक फेरीत चार, दोन फेऱ्यांत आठ. एकूण बारा खेपा, चोवीस हायड्रोजन. जमलं की नाही? मी पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा मला नोकरी लागून सहा वर्षं झाली होती. तोपर्यंत मीही मुलांना 'दहा एनएडी, दोन एफएडी, पाठ करा' म्हणत होते.

जाता जाता: एनएडी शरीरात नायसिनपासून बनतो, एफएडी रायबोफ्लेविनपासून. म्हणजे बी-३ आणि बी-२. डॉक्टर बी-कॉम्प्लेक्स लिहून देतात तेव्हा त्यात या हमालांचा कच्चा माल असतो.

हे हमाल आपला बोजा तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर नेऊन टाकतात. तिथली इलेक्ट्रॉन वहन साखळी समजायला मी खोपोलीचं उदाहरण देते. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. ते साचे चालवणारी वीज लोणावळ्याच्या तलावांतून यायची. तिथलं पाणी नळांतून घाटाखाली सोडायचं, त्या जोरावर खोपोलीला चक्रं फिरायची आणि वीज मुंबईला. हे १९१५ पासून चालू आहे. पाणी उंचावर साठलेलं आहे, यात सगळं आलं. घाटावर ते काम पाऊस करतो. तंतुकणिकेत ते इलेक्ट्रॉन करतात. इलेक्ट्रॉन एका प्रथिनावरून दुसऱ्यावर उतरत जातात आणि त्या उतारावर सुटलेल्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलाच्या एका बाजूला ढकलले जातात. तिथे त्यांची गर्दी होते. परत यायला वाट एकच, एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून. प्रोटॉन त्यातून परततात तेव्हा ते प्रथिन खरोखर गरगर फिरतं. एका फेरीत एटीपीचे तीन रेणू तयार होतात. (एटीपी म्हणजे ज्याच्या जोरावर पेशी आपली कामं चालवते तो रेणू.) पीटर मिचेलने १९६१ मध्ये ही प्रोटॉनच्या साठ्याची कल्पना मांडली तेव्हा फार थोड्यांना ती पटली होती. १९७८ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आणि ऑक्सिजन? तो साखळीच्या अगदी शेवटी उभा असतो. उतरून आलेले इलेक्ट्रॉन तो घेतो, प्रोटॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. त्याचं काम एवढंच, पण ते थांबलं की काय होतं ते मुंबईकराला लगेच कळेल. सीएसएमटीला फलाट रिकामा झाला नाही तर मागची गाडी मशीदला उभी राहते, तिच्या मागची भायखळ्याला, आणि बघता बघता कुर्ल्यापर्यंत रांग लागते. कुर्ल्याच्या गाडीत काहीच बिघाड नसतो. तसंच इथे. ऑक्सिजन नसेल तर इलेक्ट्रॉन उतरू शकत नाहीत, हमालांचे बोजे खाली होत नाहीत, मोकळा एनएडी संपतो आणि चक्र थांबतं. सायनाइड विष आहे ते याचसाठी: साखळीतलं शेवटचं विकर ते अडवतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही.

आता दादरच्या पुलावरून धावत जाऊन गाडी पकडताना काय होतं बघ. पहिले काही सेकंद स्नायूंत तयार असलेलं एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट पुरतं. मग ग्लायकोलायसिस इतक्या वेगाने चालू होतं की तंतुकणिकांना तो वेग झेपत नाही. एनएडी भरलेलेच अडकून पडतात. तेव्हा पेशी पायरुविक आम्लावरच ते हायड्रोजन टाकून देते आणि लॅक्टेट बनतं. त्यातून नवीन एटीपी शून्य मिळतं. फायदा एकच: एनएडी मोकळा झाला, ग्लायकोलायसिस पुढे चाललं. यीस्टही तेच करतं, फक्त त्याच्याकडे लॅक्टेटऐवजी अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. त्या कार्बन डायऑक्साइडने बेकरीतला पाव फुगतो, अल्कोहोल भट्टीत उडून जातं. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे, असं जिममध्ये सर्रास सांगतात. ते खोटं आहे. लॅक्टेट तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं. दुखतात ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे.

क्रेब चक्राचा शोधही अशा सतत राबणाऱ्या स्नायूतूनच लागला. १९३७ मध्ये हान्स क्रेब्ज शेफील्डला कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करत होता. दिवसभर फडफडणाऱ्या पक्ष्याच्या छातीत तंतुकणिका ठासून भरलेल्या असतात. कबुतरं किती फडफडतात हे मुंबईकराला सांगायला नको. त्याने आपला शोध 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाकडे पाठवला आणि त्यांनी तो परत पाठवला. १९५३ मध्ये त्याच कामावर त्याला नोबेल मिळालं.

एटीपीबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण इथे क्लासच्या नोट्समध्येही हमखास चूक असते. 'एटीपीच्या बंधात ऊर्जा साठवलेली असते, बंध तोडला की ती बाहेर पडते', असं तू लिहिलं असशील. रसायनशास्त्राच्या तासाला तू काय शिकलीस? कोणताही बंध तोडायला ऊर्जा खर्चावी लागते. एटीपीचाही तसाच. ऊर्जा मिळते ती तुटल्यानंतर जे तयार होतं ते अधिक स्थिर असतं म्हणून. तिन्ही फॉस्फेटांवर ऋण भार, ते एकमेकांना ढकलत असतात. एक वेगळा झाला की ताण सैल होतो आणि पाण्याशी नवे बंध जुळतात. शिवाय पेशी एटीपीचं प्रमाण मुद्दाम एवढं चढं ठेवते की अभिक्रियेचा कल कायम एकाच बाजूला राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एटीपी हा साठा नाही. एक गणित करू. दिवसाचं २००० किलोकॅलरी अन्न, म्हणजे सुमारे ८४०० किलोज्यूल. सगळं ग्लुकोजच आहे असं धर. २८७० ने भागलं तर साधारण २.९ मोल (ग्लुकोजचा एक मोल म्हणजे वरचे १८० ग्रॅम). प्रत्येक मोलमागे ३० मोल एटीपी, म्हणजे ८८ मोल. एटीपीचा रेणुभार ५०७. गुणाकार कर: ४४ किलोच्या वर! तुझ्या वजनाएवढं एटीपी तू रोज बनवतेस आणि मोडतेस. शरीरात एका वेळी मात्र ते ग्रॅममध्येच मोजावं लागतं. म्हणजे तोच रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडतो आणि भरला जातो. 'ऊर्जेचं चलन' म्हणतात ते या अर्थाने: सुट्टे पैसे, हातोहात फिरणारे. बँक म्हणजे चरबी आणि ग्लायकोजेन.

हा रेणू १९२९ मध्ये दोन ठिकाणी सापडला. जर्मनीत लोमानला, आणि अमेरिकेत हार्वर्डला फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने हे नाव आधी ऐकलेलं नसतं.

वरच्या गणितात मी ३० धरले, तुझ्या पुस्तकात ३८ असतील. जुना हिशेब असा होता: प्रत्येक एनएडीमागे तीन, एफएडीमागे दोन, थेट मिळालेले चार. दहा त्रिक तीस, चार आणि चार, अडतीस. नंतर मोजमाप बारीक झालं. एनएडीमागे अडीच आणि एफएडीमागे दीड धरलं तर ३२ येतात, आणि पेशीद्रवातले हायड्रोजन तंतुकणिकेत न्यायला काही पेशींत जास्त खर्च होतो म्हणून ३०. परीक्षेत पुस्तकातला आकडा लिही, मार्कांशी भांडू नकोस. पण तो कुठून आला हे तुला सांगता आलं पाहिजे.

पेशीच्या परिस्थितीत एटीपीच्या एका मोलमागे ५० किलोज्यूलच्या आसपास मिळतात. तीस गुणिले पन्नास, दीड हजार. म्हणजे २८७० मधली निम्मीच ऊर्जा एटीपीत गेली, बाकीची तिथेच उष्णता झाली. एटीपीतलीही वापरल्यावर बहुतेक उष्णताच होते. दिवसाचा हिशेब सेकंदांवर वाटला तर माणूस सुमारे १०० वॅटच्या जुन्या बल्बइतका तापलेला असतो. सकाळच्या साडेआठच्या फास्ट लोकलमध्ये पंखे चालू असूनही डबा का भट्टी होतो, ते यात आलं.

हे घरी बघता येतं. पाव किलो मटकी भिजव, मोड आले की दोन भाग कर. एक भाग तसाच, दुसरा उकडून गार केलेला. दोन थर्मासांत भर, तोंडाला कापूस लाव म्हणजे हवा खेळेल, आणि कापसातून थर्मामीटर आत सोड. ताप बघायचा नको, प्रयोगशाळेतला. दुसऱ्या दिवशी कच्च्या मटकीचा पारा काही अंश चढलेला दिसेल. बी साखर जाळतंय, तेही अंधारात, काडी न लावता.

आमच्या कॉलेजात पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा तिसऱ्या दिवशी उकडलेली मटकीही गरम झाली आणि वर्गात माझी फजिती झाली. मेलेली मटकी श्वसन कशी करते, असं पोरांनी विचारलं. मटकी करत नव्हती. तिच्यावर वाढलेले जिवाणू करत होते. तेव्हापासून दोन्ही भाग आधी सौम्य जंतुनाशकाच्या पाण्यातून काढते आणि दोन दिवसांच्या आत आकडे लिहून घेते. थर्मास मात्र घरातला चहाचा घेऊ नकोस, वास महिनाभर जात नाही.